पान, जीभ आणि वही

(दिवेआगर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



आत येताना दारातल्या मुलींनी तुमच्या हातावर दोन जिनसा ठेवल्या. एक हिरवं पान आणि कागदाच्या पुडीत चिमूटभर साखर. पान धुतलेलं आहे. ज्यांची इच्छा असेल त्यांनीच ते चावावं, मिनिटभर जिभेवर घोळवावं आणि रुमालात थुंकून टाकावं. गिळायचं नाही. कडवट, तुरट लागेल, तोंड वाकडं होईल. होऊ द्या. आता पुडीतली साखर जिभेवर टाका.

काय लागतंय? पहिल्या रांगेतून उत्तर आलं, ‘रेती!’ (हशा) अगदी बरोबर. वाऱ्याच्या दिवशी आपल्या किनाऱ्यावर तोंडात जाते, तशी रेती. दाणे दाताखाली येतात, विरघळतात, पण गोडी कुठेच नाही.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी मी चौथीत असताना हेच पान मला चावायला दिलं होतं. वर गुळाचा खडा दिला. मी तो तोंडात टाकून रडकुंडीला आले, कारण गूळ मातीसारखा लागत होता. गुरुजींनी शांतपणे विचारलं, ‘गूळ बदलला की तू?’ पुढे बत्तीस वर्षं मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं. एवढ्या काळात इतका नेमका प्रश्न मला कुठल्याही परीक्षेच्या पेपरात काढता आला नाही. आजचं व्याख्यान त्या एका प्रश्नाभोवती आहे.

या पानाला आपण बेडकीचा पाला म्हणतो. काही गावांत कावळी म्हणतात. हिंदीत गुडमार, म्हणजे गूळ मारणारा. संस्कृतात मधुनाशिनी, आणि शिंगासारख्या टोकदार शेंगेवरून मेषशृंगी. शास्त्रीय नाव जिम्नेमा सिल्वेस्ट्रे. रुईच्या गोतातला हा वेल आहे. पानं समोरासमोर, मऊ लव असलेली. फुलं पिवळसर, इतकी बारकी की मुद्दाम बघितल्याशिवाय दिसत नाहीत. शेंग तडकली की आतून रेशमी तुऱ्याच्या बिया वाऱ्यावर निघतात. लहानपणी आपण ‘म्हातारी’ म्हणून ज्यांच्यामागे धावायचो, त्याच जातीच्या. पोफळीच्या वाडीत तुम्हाला हा वेल क्वचित दिसेल. त्याला डोंगराच्या अंगाची वई लागते, झाळकट लागतं, जुना गडगा लागतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आपल्या वाड्या आडव्या केल्या. माड पडले, पोफळी मोडल्या, त्याचं दुःख सगळ्यांनी केलं. पण त्यानंतर पडलेल्या कुंपणांच्या जागी पुष्कळ ठिकाणी तारा आणि चिऱ्याच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि वेलांचा आधार गेला. त्याची कुठे नोंद झाली नाही.

नावांच्या बाबतीत एक सावधगिरी. कावळी हे नाव आपल्याकडे दुसऱ्या एका चिकाळ वेलीलाही लावतात. गावागणिक नावं बदलतात, आणि वेलींमध्ये विषारी वेलीही असतात. म्हणून उद्या सकाळी उठून कुंपणावरचं दिसेल ते पान चावू नका. आधी जाणकाराकडून ओळखून घ्या. ओळख पटली की शेवटची खात्री जीभच देते, कारण गोडी मारण्याचं हे काम इतक्या चोखपणे करणारं दुसरं पान आपल्या रानात माझ्या पाहण्यात नाही.

आता गुरुजींचा प्रश्न. गूळ बदलला नव्हता. बदलले होते मी, आणि तेही फक्त जिभेपुरती. ही गोष्ट कागदावर आली त्यालाही बराच काळ झाला. एजवर्थ नावाचा कंपनी सरकारचा एक सनदी अधिकारी वनस्पतींचा शौकीन होता. त्याने हे पान चावलं आणि मग चहा घेतला, तर चहातली साखर लागेना. १८४७ मध्ये ही हकिगत लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे सांगितली गेली. चाळीस वर्षांनी, १८८७ मध्ये, उटकमंडला सिंकोन्याच्या कामावर असलेल्या डेव्हिड हूपर या रसायनज्ञाने पानातला कारणीभूत पदार्थ वेगळा करून त्याला जिम्नेमिक आम्ल असं नाव दिलं. पुढे कळलं की ते एक आम्ल नसून आम्लांचं अख्खं कुटुंब आहे. आपल्या जिभेवर गोडी ओळखणारे जे ग्राहक असतात, त्यांना ही आम्लं जाऊन चिकटतात. मग साखर आली तरी ग्राहक मेंदूला वर्दी देत नाही. अर्धा-पाऊण तास हा संप चालतो आणि आपोआप मिटतो. आंबट, खारट, कडू या चवींना धक्का लागत नाही.

यातली एक गंमत मला फार आवडते. उंदराची गोडी या आम्लांनी मरत नाही. १९९१ मध्ये जपानी संशोधकांनी याच पानातून गुरमारिन नावाचं एक छोटं प्रथिन काढलं, पस्तीस अमिनो आम्लांची साखळी. ते उंदराची गोडी मारतं आणि माणसावर जवळजवळ काहीच करत नाही. एकाच पानात दोन कुलुपं आहेत, एक आपल्यासाठी, एक उंदरासाठी. तेव्हा ‘उंदरावर गुण आला’ एवढ्यावर माणसाला औषध देऊ नये, हा धडा हे पान स्वतःच देतं.

इथवर सगळं सरळ आहे. अडचण पुढच्या पावलाला आहे. जे जिभेवर गोड मारतं, ते रक्तातही गोड मारेल, असं आपलं मन लगेच म्हणतं. नावसुद्धा तेच सुचवतं, मधुनाशिनी. पण आत्ता तुम्ही जी साखर रेती म्हणून खाल्लीत, ती तुमच्या पोटात पोचली आहे. ती आतड्यातून रक्तात जाईल आणि रक्त तिला साखर म्हणूनच ओळखेल. जिभेला कळलं नाही म्हणून रक्ताला कळायचं राहत नाही. पानाचा रक्तावर परिणाम होतो की नाही, हा अगदी वेगळा प्रश्न आहे. त्याची साक्ष जिभेकडून घेता येत नाही, रक्ताकडूनच घ्यावी लागते.

रक्ताची साक्ष काढण्याचा मोठा प्रयत्न आपल्या मुंबईत झाला आहे. परळला जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात प्लेगची प्रयोगशाळा होती, तीच १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. तिथे औषधशास्त्राचं काम बघणारे फादर कायस हे जेझुइट पाद्री आणि त्यांचे सहकारी डॉ. के. एस. म्हसकर या दोघांनी देशी औषधी वनस्पती एकेक करून तपासायला घेतल्या. १९३० मध्ये त्यांनी या पाल्यावर सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की प्रयोगातल्या प्राण्यांमध्ये पाल्याने रक्तातली साखर उतरते, आणि बहुधा ती थेट उतरत नसून स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला चालना मिळाल्यामुळे उतरते.

काळ लक्षात घ्या. टोरांटोला इन्सुलिनचा शोध लागला १९२१ मध्ये, पहिल्या रुग्णाला ते टोचलं १९२२ च्या जानेवारीत. जगात इन्सुलिन आठ-नऊ वर्षांचं पोर असताना परळमध्ये आपल्या कुंपणावरच्या पानाचा संबंध इन्सुलिनशी जोडून पाहिला जात होता.

पण दोनच वर्षं आधी, १९२८ मध्ये, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच पाला मधुमेही रुग्णांना देऊन पाहिला होता. त्यांना रक्तातल्या साखरेवर काही परिणाम दिसला नाही. पान तेच, प्रयोगशाळा दोन, उत्तरं दोन. मुंबईचं खरं की कलकत्त्याचं, असा वाद घालायला आपल्याला आवडेल. पण नीट बघितलं तर एकीकडे प्राणी होते आणि दुसरीकडे आजारी माणसं. पाला कुठल्या रानातला, कुठल्या महिन्यात तोडलेला, सावलीत वाळवलेला की उन्हात, यानेही फरक पडतो. हापूस आणि रायवळ यांना आपण एका भावाने विकत नाही, मग सगळीकडचा पाला सारख्याच ताकदीचा कसा धरायचा?

म्हसकर आणि कायस देशी औषधांचे भाट होते, असंही कुणी समजू नये. १९३१ मध्ये या जोडीने सर्पदंशावरच्या देशी वनस्पतींचा प्रबंध लिहिला. तीनशेहून अधिक वनस्पती तपासल्या आणि एकीचाही विषावर उपयोग होत नाही असं छापून मोकळे झाले. विंचू-सापाच्या कोकणात त्या वाक्याने किती माणसं वाचली असतील, याचा विचार करा. जो माणूस ‘नाही’ म्हणताना कचरत नाही, त्याच्याच ‘होय’ला वजन असतं. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांनी बसूंच्या जोडीने सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा जो महाग्रंथ आहे, त्याची १९३३ ची सुधारलेली आवृत्तीही याच दोघांच्या आणि फादर ब्लॅटर यांच्या हातून गेली. मराठी माणसाला टिळक-आगरकरांचा वाद तोंडपाठ असतो. कीर्तिकर आणि म्हसकर ही नावं मात्र मला वर्गात फळ्यावर लिहून द्यावी लागायची.

त्यानंतरची महत्त्वाची नोंद १९९० ची, मद्रास विद्यापीठातली. बावीस मधुमेही रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांबरोबर या पाल्याचा अर्क रोज ४०० मिलिग्रॅम, दीड वर्षाहून अधिक काळ दिला. साखर उतरली, गोळ्या कमी कराव्या लागल्या, आणि पाच जणांच्या गोळ्या सुटल्या. आशा वाटावी असंच हे आहे. पण बावीस माणसं म्हणजे आपल्या सभागृहातल्या दोन रांगा. कोणाला खरा अर्क आणि कोणाला नुसती पूड हे ना वैद्याला ठाऊक ना रुग्णाला, अशी कसोटी त्यात नव्हती. दीड वर्ष डॉक्टरांच्या नजरेखाली असलेला माणूस जेवणाखाण्यातही शिस्त पाळतो. मग गुण पाल्याचा की शिस्तीचा? म्हणजे पुन्हा तेच: गूळ बदलला की तू?

आता घरातली गोष्ट सांगते. माझे काका वाडीत राबणारे. साखर आहे असं एका शिबिरात कळलं. गोळ्या सुरू झाल्या. मग कुणीतरी बेडकीच्या पाल्याची पूड आणून दिली. काका सकाळी पूड घ्यायचे, चहा गोड लागायचा नाही म्हणून चहाच सुटला, लाडू-वड्या सुटल्या. दोन महिन्यांत अंग हलकं वाटायला लागलं. ‘गुण आला’ म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या. रक्त तपासलं नाही, कारण बरं वाटतंय तर तपासायचं कशाला? वर्षभराने वाडीत अनवाणी शिंपणं करताना पायाला माडाच्या झावळीची शिर लागली. जखम भरेना. शेवटी पायाची दोन बोटं गेली.

पाला वाईट म्हणून हे झालं, असं मी म्हणणार नाही. काकांची साखर पाल्याने उतरली होती की गोड सुटल्याने, की उतरलीच नव्हती, हे मला आजही सांगता येत नाही. आमच्या घरात त्या वर्षाचा एकही आकडा नाही. पोफळं किती मण निघाली, नारळ किती गेले, सगळ्याची वही आहे. काकांच्या रक्ताची नव्हती.

पानाने औषध व्हायचं तर त्याला याच वाटेने जावं लागतं. युरोपात गॅलेगा नावाचं एक झुडूप आहे, जांभळट फुलांचं, चवळी-तुरीच्या कुळातलं. जुने लोक ते वारंवार लघवीच्या आजारावर द्यायचे. गुरांनी जास्त खाल्लं तर ती दगावायची. रसायनज्ञांनी त्यातला साखर उतरवणारा अंश शोधला. तो माणसाला झेपत नाही हे दिसल्यावर त्याच घाटणीचे सौम्य रेणू तयार केले आणि ते जोखले. त्यातला एक पॅरिसच्या डॉ. झाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये रुग्णांवर वापरून दाखवला. त्याचं नाव मेटफॉर्मिन. इथल्या किती जणांच्या खिशात ती गोळी आहे, हात वर करा. बघा! एका रानझुडपाचं हे नातवंड तुम्ही रोज जेवणाबरोबर घेता. गोळी आणि पाला या दोन वेगळ्या जाती नव्हेत. एक मोजून झालेला आहे, दुसऱ्याचं मोजमाप अर्धं राहिलंय.

आपल्याकडच्या बिबळ्याचंही तसंच. बिबळ्याच्या लाकडाचा पेला बाजारात मिळतो, रात्रभर पाणी ठेवलं की त्याला निळसर झाक येते आणि लोक ते श्रद्धेने पितात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने बिबळ्याचा अर्क अनेक केंद्रांवर देऊन पाहिला. १९९८ च्या अहवालात ९७ नव्या रुग्णांपैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आल्याचं म्हटलं आहे. तुलनेसाठी दुसरा गट मात्र नव्हता. आणि तो पेला म्हणजे मोजून दिलेला अर्क नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

सप्तरंगीबद्दल थोडं बोललंच पाहिजे, कारण ती किनाऱ्यालगतच्या रानांतली आणि देवरायांतली आहे. तिच्या मुळात साखर पचवणारी विकरं रोखणारा पदार्थ आहे. क्योटोच्या संशोधकांनी १९९७ मध्ये तो वेगळा काढला, सॅलासिनॉल. श्रीलंकेत तिच्याच बहिणीच्या लाकडाचे पेले करतात. पण बेडकीचं पान खुडलं तर वेल पुन्हा फुटतो. सप्तरंगीचं मूळ खणलं की झाड संपलं. देवराईत कुदळ घेऊन जाणाऱ्याला आपण अडवलं पाहिजे, मग तो कुणाच्याही औषधासाठी आलेला असो.

मग पाला घ्यायचा की नाही, असं तुम्ही विचाराल. मी वनस्पतीशास्त्राची बाई, डॉक्टर नाही. पण तीन गोष्टी बजावून सांगते. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना पाला घ्यायचा असेल, तर डॉक्टरांपासून लपवायचा नाही. दोन्ही मिळून साखर फार खाली गेली तर दरदरून घाम येतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी साखर तोंडात टाकायची, आणि पान चावलेलं असेल तर ती गोड लागली नाही तरी टाकायची. ती लागू पडते. दुसरं, ‘झाडाचं आहे, त्रास काय होणार’ हे म्हणणं सोडून द्या. या पाल्यामुळे यकृताला सूज आल्याचं प्रकरण २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आलेलं आहे. तसं विरळा घडतं, पण घडतं. तिसरं, बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. माझ्या काकांनाही बरंच वाटत होतं.

आणि चौथी गोष्ट, जिच्यासाठी मी एवढा वेळ घेतला. लिहून ठेवा.

आपल्या पूर्वजांना हे नवं नव्हतं. प्रमेह होऊ घातलेल्या माणसाच्या अंगाकडे आणि मूत्राकडे मुंग्या धावतात, असं चरकसंहितेत नोंदलेलं आहे. तेव्हा ग्लुकोमीटर नव्हता, मुंगी होती. तिच्याकडे लक्ष ठेवणारा माणूस होता आणि ते लिहून ठेवण्याची रीत होती. आणि आपल्या दिवेआगरला तर नोंदीचं महत्त्व कुणी बाहेरून येऊन सांगायला नको. आपल्या गावचा शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा ताम्रपट मराठीतल्या अगदी जुन्या, कालाचा उल्लेख असलेल्या लेखांमध्ये गणला जातो. साडेनऊशे वर्षांपूर्वी इथल्या माणसांना वाटलं की झालेला व्यवहार तोंडी राहू नये, तारीख घालून तांब्यावर कोरावा. १९९७ मध्ये वाडीत खणताना सुवर्ण गणेश सापडला आणि गाव जगाच्या नकाशावर आलं, ते खरं. पण माझ्या लेखी या गावचं पहिलं सोनं म्हणजे ती कोरलेली तारीख.

देशात २०२१ मध्ये मधुमेह असलेले लोक दहा कोटींच्या वर होते, असा राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. त्यांतले किती जण कुठला ना कुठला पाला, काढा, पूड घेत असतील! आपल्या गावातही घेतात, मला ठाऊक आहे. त्यांच्या हातात एक दोनशे पानी वही असती तर? कुठला पाला, कुठून आणला, किती घेतला, कधीपासून. त्या दिवशी उपाशीपोटी साखर किती, जेवणानंतर दोन तासांनी किती. आणि दर तीन महिन्यांनी एचबीए१सी किती. तीन महिने का, तर तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळाचा गोडवा तिच्यावर चढलेला असतो. ती तपासणी म्हणजे रक्ताने स्वतः लिहिलेली वहीच. एका माणसाच्या वहीने औषध सिद्ध होत नाही, हे मी जाणते. पण पाल्याचा गुण येत नसेल, तर ते पायाला जखम व्हायच्या आधी कळेल. माझ्या काकांसाठी तेवढं पुरेसं होतं.

घड्याळात बघा. पान चावून आता पाऊण तास होत आला. पुडीत साखर उरली असेल तर पुन्हा एक दाणा जिभेवर टाका. आली ना गोडी परत? बेडकीच्या पानाचं राज्य एवढंच. त्याच्या पुढचं जे काही आहे, ते मोजल्याशिवाय कळत नाही.

बाहेर पडवीत उकडीचे मोदक ठेवले आहेत. दिवेआगरला येऊन मोदक खाऊ नका असं सांगण्याची हिंमत माझ्यात नाही. ज्यांना साखर आहे त्यांनी एकच घ्यावा. मोदकांच्या ताटाशेजारी कोऱ्या वह्या आहेत. घरी जाताना प्रत्येकाने एक न्यावी, आणि पहिल्या पानावर आजची तारीख घालून लिहावं: मोदक, एक.